तेवीस शाखा, तेवीस राऊटर: नेटमिकोने कॉन्फिग कसं सांभाळायचं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ ची. मी तेव्हाही सांगलीतल्या एका पतसंस्थेचं नेटवर्क बघत होतो, आजही बघतो. मारुती चौकाकडची आमची शाखा पाण्यात गेली. राऊटर भिंतीवर खांद्याइतक्या उंचीवर लावलेला होता, तोही गेला. पाणी ओसरल्यावर गाळ उपसला, नवा राऊटर टेबलावर ठेवला, लॅपटॉप उघडला आणि हात थांबला. जुन्याचं कॉन्फिग, म्हणजे त्यातल्या सगळ्या सेटिंग्ज, कुठेच ठेवलेलं नव्हतं. मुख्य कार्यालयाकडे जाणाऱ्या टनेलची (सुरक्षित जोडणीची) की, कॅमेऱ्यांचा वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा स्वतंत्र कप्पा), पासबुक प्रिंटरसाठी कुणीतरी कधीतरी टाकलेला स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला मार्ग), सगळं त्या बुडालेल्या डब्यात. खातेदार दारात उभे होते. घरात चिखल आणि हातात पैसा नाही, अशी माणसं. आणि मी मिरजेच्या शाखेचं कॉन्फिग समोर ठेवून अंदाजाने ओळी लिहीत होतो. दोन दिवस गेले.

त्यानंतर मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो. पुढे जे लिहिलंय ते तेवढ्यासाठीच शिकलेलं आहे: शाखांच्या राऊटरचं कॉन्फिग रोज उतरवून ठेवणं, काल-आजचा फरक बघणं, आणि एकच बदल सगळीकडे करताना कुठलीही शाखा हातातून न सुटू देणं. तुम्ही पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना किंवा दहा-वीस दुकानांचं नेटवर्क बघत असाल, तर हे जसंच्या तसं उपयोगी पडेल.

साधन म्हणजे नेटमिको. कर्क बायर्स यांनी लिहिलेली ही पायथनची मोफत लायब्ररी आहे. खाली एसएसएच (राऊटरमध्ये दुरून सुरक्षितपणे शिरण्याची पद्धत) चालवायला ती पॅरामिको ही दुसरी लायब्ररी वापरते. नुसत्या पॅरामिकोनेही काम होतं, पण मग राऊटरचा प्रॉम्प्ट कधी आला हे आपण ओळखायचं, स्क्रीन भरल्यावर येणारं 'मोअर' आपण पुढे ढकलायचं, कॉन्फिग मोडमध्ये शिरणं-निघणं आपण बघायचं. नेटमिकोला हे बऱ्याच कंपन्यांच्या राऊटरचं आधीच ठाऊक असतं. लॅपटॉपवर पायथन घ्या, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पिपने नेटमिको बसवा. यात अडकण्यासारखं काही नाही.

फंक्शनची नावं मी इथे बोलण्यात येतात तशी लिहितोय. सेंड कमांड, सेव्ह कॉन्फिग अशी नावं टाइप करताना इंग्रजीत, लहान लिपीत आणि शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर देऊन लिहायची. कनेक्टहँडलर मात्र सलग, सी आणि एच कॅपिटल.

शाखांची यादी

सुरुवात प्रोग्रामने करू नका, यादीने करा. एक्सेलमध्ये शाखेचं नाव, राऊटरचा आयपी, प्रकार आणि शेरा असे चार रकाने करा आणि फाइल सीएसव्ही म्हणून ठेवा. आमच्या यादीत सांगली, मिरज, कुपवाड, तासगाव, पलूस, विटा, इस्लामपूर, शिराळा, कवठेमहांकाळ, जत, आटपाडी अशा सगळ्या मिळून तेवीस ओळी आहेत. ही यादी करतानाच मला दोन राऊटर असे सापडले, ज्यांचा आयपी वहीत एक होता आणि प्रत्यक्षात दुसराच.

शाखांची नावं मराठीत लिहिणार असाल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. एक्सेलमधून यूटीएफ-८ सीएसव्ही साठवली की फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण बसते. मग पायथनला पहिल्या रकान्याचं नाव ओळखू येत नाही. डोळ्याला सगळं बरोबर दिसतं, प्रोग्राम मात्र 'शाखा' नावाचा रकानाच नाही म्हणून थांबतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग असं दिलं की ती खूण गळून पडते. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, तुमची वाचू दे.

यादीतल्या प्रत्येक ओळीची एक डिक्शनरी होते: डिव्हाइस टाइप, होस्ट, यूजरनेम, पासवर्ड, आणि सिस्को कंपनीच्या राऊटरला लागत असेल तर सीक्रेट (वरच्या अधिकाराचा दुसरा पासवर्ड). ती दोन तारे लावून कनेक्टहँडलरला द्यायची. यात शाखेचं नाव किंवा शेरा घालू नका. अनोळखी की आली की कनेक्टहँडलर लगेच एरर देतो. शाखेचं नाव बाजूच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. जोडणी 'विथ'च्या आत उघडा, म्हणजे मध्ये काही बिघडलं तरी सेशन बंद होतं. नाहीतर राऊटरच्या पाच व्हीटीवाय लाइनी (दुरून लॉगिन करायच्या जागा) अर्धवट सेशनांनी भरून बसतात आणि मग तुम्हालाच आत जाता येत नाही.

पासवर्ड प्रोग्रामच्या फाइलमध्ये लिहायचा नाही. हे मी कळकळीने सांगतोय. ती फाइल उद्या कुणाला तरी व्हॉट्सॲपवर जाते. हाताने चालवताना गेटपास वापरा, तो पासवर्ड विचारतो आणि स्क्रीनवर दाखवत नाही. रात्री आपोआप चालवायचं असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, आणि त्या कामासाठी राऊटरवर फक्त वाचण्यापुरता वेगळा यूजर करा. फक्त एक बघा: कमी अधिकाराच्या यूजरला शो रनिंग-कॉन्फिगमध्ये (चालू कॉन्फिग दाखवणारी आज्ञा) सगळ्या ओळी दिसत नाहीत, त्यामुळे त्याला कुठले अधिकार द्यायचे ते आधी एका राऊटरवर तपासून ठरवा.

आधी फक्त वाचा

पहिला महिना मी राऊटरमध्ये काहीही लिहिलं नाही. नुसतं वाचलं. पहिली आज्ञा अगदी साधी घ्या: शो क्लॉक. तेवीस ठिकाणी सेंड कमांडने ती पाठवा आणि उत्तरं एकाखाली एक छापा. काही बिघडायची भीती नाही आणि नेटवर्क आपल्याला किती कमी माहीत आहे ते कळतं. आमच्या विट्याच्या राऊटरने तारीख सांगितली मार्च १९९३. सिस्कोच्या जुन्या राऊटरला वेळ ठाऊक नसली की तो १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतो. वीज गेली, परत आली, तो तिथूनच चालू झाला होता. वेळेच्या आधी एक तारा होता. शो क्लॉकमधला तो तारा म्हणजे राऊटर स्वतःच सांगतोय, की या वेळेवर विसंबू नका.

जोडणी न होण्याची दोन कारणं वेगवेगळी पकडा. टाइमआउट आला तर लाइन पडली असेल किंवा शाखेत वीज नसेल. त्या शाखेचं नाव नोंदवा आणि पुढच्या शाखेकडे जा. ऑथेंटिकेशनचा एरर आला तर मात्र तिथेच थांबा. चुकलेला पासवर्ड तेवीस ठिकाणी चुकलेलाच असणार, आणि राऊटरवर लॉगिन ब्लॉक लावलेलं असेल तर तुम्ही एकामागून एक दारं बंद करत जाल.

मग रोजची प्रत. सेंड कमांडने शो रनिंग-कॉन्फिग मागवा. बीएसएनएलच्या संथ लाइनवरच्या शाखेत मोठं कॉन्फिग यायला वेळ लागतो, आणि नेटमिकोच्या चौथ्या आवृत्तीपासून सेंड कमांड साधारण दहा सेकंदच वाट बघतो. रीड टाइमआउट साठ करा. आलेला मजकूर थेट जुन्या फाइलवर लिहू नका. सिस्कोचं कॉन्फिग 'एंड' या शब्दावर संपतं. शेवटची ओळ 'एंड' आहे का बघा, असेल तरच फाइल लिहा. लाइन मध्येच तुटून आलेलं अर्धं कॉन्फिग कालच्या चांगल्या प्रतीवर बसलं, तर असून नसल्यासारखं.

काल आणि आज यातला फरक काढायला पायथनसोबत येणारं डिफलिब पुरतं. पहिल्या दिवशी तेवीसच्या तेवीस शाखा बदललेल्या दिसतील, घाबरू नका. वर येणारी 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन', बाइट्सची संख्या, शेवटचा बदल कधी झाला ती ओळ आणि जुन्या मॉडेलमध्ये 'एनटीपी क्लॉक-पीरियड' या ओळी आपोआप बदलत असतात. तुलना करण्याआधी त्या गाळा. हे गाळणं नीट जमेपर्यंत वेळ द्या. रोज सकाळी खोटे फरक दिसायला लागले, की माणूस आठवड्यात तो अहवाल उघडायचा सोडतो आणि खरा फरक त्याच दिवशी येतो. आता माझ्याकडे बहुतेक सकाळी कोरा कागद येतो. एकदा कुपवाडच्या शाखेत एक ओळ जास्त दिसली: कॅमेरा बसवणाऱ्याने बाहेरून बघता यावं म्हणून पोर्ट उघडून ठेवला होता. त्याला माझ्याकडून नाही, शाखेतल्या कुणाकडून तरी पासवर्ड मिळाला होता. पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलले.

फाइलींचा फोल्डर गिटमध्ये (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवला की वर्षभरापूर्वीची ओळही काढता येते. पण तो फोल्डर तिजोरीसारखा जपा. सिस्कोचे टाइप ७ पासवर्ड बघायला गुंतागुंतीचे दिसतात, उलगडायला मात्र क्षणभर पुरतो. इंटरनेटवरच्या उघड्या रिपॉझिटरीत हा फोल्डर कधीही टाकायचा नाही.

पहिला बदल: घड्याळ

लिहायला सुरुवात अशा बदलाने करा, जो चुकला तरी शाखा बंद पडणार नाही. आमच्यासाठी तो घड्याळाचा होता. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांत घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी सर्व्हरशी (नेटवर्कवरून अचूक वेळ देणारा सर्व्हर), नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडायला सांगितलं आहे, लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे आणि सुरक्षेची घटना सहा तासांत कळवायला सांगितलं आहे. एक राऊटर १९९३ मध्ये असताना लॉग ठेवून काय उपयोग? मी मुख्य कार्यालयाचा राऊटर एनआयसीच्या सर्व्हरला जोडला आणि शाखांना मुख्य कार्यालयाचा राऊटर दाखवला. शाखांमधून एनटीपीचा १२३ पोर्ट बाहेर उघडावा लागला नाही.

आज्ञांची एक लिस्ट करायची आणि सेंड कॉन्फिग सेटला द्यायची. तो कॉन्फिग मोडमध्ये जातो, एकेक ओळ देतो, बाहेर येतो. लिस्ट लिहिताना मात्र प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: ही ओळ जुनीच्या जागी बसेल, की जुनीच्या शेजारी? होस्टनेम नवं दिलं की जुनं जातं. एनटीपी सर्व्हर नवा दिला तर जुना तसाच राहतो आणि राऊटर दोघांनाही विचारत बसतो. जुन्याची ओळ 'नो' लावून काढावी लागते. आणि तो जुना प्रत्येक शाखेत वेगळा असू शकतो, म्हणून आधी उतरवलेल्या कॉन्फिगमधून ती ओळ वाचून तिच्यापुढे 'नो' लावा. रोजची प्रत इथे कामाला येते.

दुसरं म्हणजे, राऊटरने एखादी ओळ नाकारली तरी नेटमिको स्वतःहून ओरडत नाही. राऊटर पर्सेंटच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ छापतो, 'इनव्हॅलिड इनपुट' वगैरे, आणि प्रोग्राम पुढची ओळ द्यायला लागतो. सेंड कॉन्फिग सेटला एरर पॅटर्न नावाचं आर्ग्युमेंट आहे. त्यात हे नकाराचे शब्द द्या, म्हणजे तो तिथल्या तिथे थांबेल.

बदल झाल्याबरोबर तपासू नका. घड्याळ जुळायला काही मिनिटं लागतात. मी पंधरा मिनिटांनी शो एनटीपी असोसिएशन्स चालवतो. इथे तारा दिसला तर तो चांगला: त्याच सर्व्हरशी घड्याळ जुळलंय. शो क्लॉकमधला तारा वाईट आणि हा चांगला, हे एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

जत, आटपाडी, शिराळा

आता जे सांगतो ते सगळ्यात महत्त्वाचं. घड्याळाचं काम छान झालं, म्हणून मी राऊटरमध्ये कुठून लॉगिन करता येईल त्यावर बंधन घालायला घेतलं. एक ॲक्सेस लिस्ट, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्याची यादी: फक्त मुख्य कार्यालयाच्या १९२.१६८.१०.० या नेटवर्कमधून परवानगी. ती व्हीटीवाय लाइनींवर ॲक्सेस-क्लासने लावायची. आधी गर्दी कमी असलेल्या तीन शाखा घेतल्या: जत, आटपाडी, शिराळा. प्रोग्राम चालला, एकही एरर नाही, सेव्ह कॉन्फिग झालं. दुसऱ्या दिवशी तिन्ही राऊटरांनी मला आत घेतलं नाही.

ॲक्सेस लिस्टमध्ये वाइल्डकार्ड मास्क लागतो, त्यात ० म्हणजे हा आकडा जुळलाच पाहिजे आणि २५५ म्हणजे काहीही चालेल: ०.०.०.२५५. मी सवयीने सबनेट मास्क लिहिला होता: २५५.२५५.२५५.०. त्याचा अर्थ राऊटरने असा घेतला, की पहिले तीन आकडे काहीही असू देत, शेवटचा शून्य हवा. माझ्या लॅपटॉपचा शेवटचा आकडा ४५. मग त्याच वेळी का तुटलं नाही? कारण ॲक्सेस-क्लास फक्त नव्या जोडणीला लागतो, चालू सेशनला हात लावत नाही. प्रोग्राम आत होता, तो आतच राहिला, आणि बाहेर पडताना दार लावून, ती चूक सेव्ह करून आला.

सकाळच्या एसटीने जतला गेलो. शाखेतले मामा म्हणाले, "सायेब, नेट चालूच हाय की. एवढ्या लांब कशाला आलाय?" खरंच होतं. व्यवहार सगळे चालू होते, फक्त माझं दार बंद होतं. निळी कन्सोल केबल लावली, एक ओळ सुधारली, पाच मिनिटांचं काम. मग आटपाडी, मग शिराळा. जिल्ह्याच्या तीन टोकांना तीन दिवस.

तेव्हापासून बदलाचा क्रम असा ठेवलाय. शाखा बंद झाल्यावर, संध्याकाळी, आधी ताजी प्रत. मग राऊटरला रीलोड इन १० ही आज्ञा: दहा मिनिटांनी तू बंद पडून पुन्हा चालू हो. ही आज्ञा उलट प्रश्न विचारते, सेव्ह करू का, नक्की का. म्हणून ती सेंड कमांडने दिली तर तो प्रॉम्प्टची वाट बघत अडकतो. सेंड कमांड टायमिंग वापरा आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्या, सेव्हला 'नो'. मग बदल. पहिलं सेशन उघडंच ठेवा आणि प्रोग्रामलाच दुसरं, नवं सेशन उघडायला लावा. ते उघडलं, तर रीलोड कॅन्सल, आणि त्यानंतरच सेव्ह कॉन्फिग. नाही उघडलं, तर पहिल्या सेशनमधून 'नो' लावून बदल मागे घ्या. पहिलंही तुटलं, तर स्वस्थ बसा. दहा मिनिटांनी राऊटर पुन्हा चालू होईल आणि सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिग घेऊन उठेल. मास्क चुकला त्या दिवशी हे असतं, तर तीन दिवसांऐवजी दहा मिनिटं गेली असती.

आणि बदल नेहमी एकेका शाखेत, रांगेने. वाचायचं काम थ्रेडपूल (एकाच वेळी अनेक कामं चालवायची पायथनची सोय) लावून पाच-पाच शाखांत एकदम केलं तर काही बिघडत नाही. लिहिण्याचं काम घाईने करण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. पहिली शाखा तीच घ्या, जिथे तुम्ही मोटारसायकलवर वीस मिनिटांत पोचता. माझी मिरज असते.

आमच्या दोन नव्या शाखांत मायक्रोटिक कंपनीचे राऊटर आहेत. तिथे डिव्हाइस टाइप मायक्रोटिक राऊटरओएस द्यायचा आणि एक्स्पोर्ट ही आज्ञा. पहिल्या ओळीत तारीख-वेळ असते, ती तुलनेतून गाळा. सातव्या आवृत्तीत एक्स्पोर्ट पासवर्ड आणि की लपवतो, शो-सेन्सिटिव्ह जोडलं तरच देतो. प्रत परत बसवायच्या वेळी हे आठवणं महाग पडतं. मायक्रोटिकमध्ये वेगळं सेव्ह नाही, दिलेली ओळ तिथल्या तिथे कायम होते. त्यामुळे रीलोडची युक्ती चालत नाही. तिथे धोक्याचा बदल मी हाताने, सेफ मोडमध्ये करतो: कंट्रोल एक्स दाबायचं आणि मग काम. सेशन अचानक तुटलं तर तो बदल आपणहून मागे घेतो.

प्रत बसवून बघा

दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, मी एक जादा राऊटर टेबलावर घेतो आणि एखाद्या शाखेची प्रत त्याच्यावर खरोखर बसवून बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या, ज्या फाइल बघून कधीच कळल्या नसत्या. कोऱ्या सिस्को राऊटरचे इंटरफेस मुळात शटडाउन असतात, आणि शो रनिंग-कॉन्फिगमध्ये 'नो शटडाउन' ही ओळ येतच नाही. पूर्ण कॉन्फिग चिकटवलं तरी सगळे दिवे विझलेले. म्हणून प्रत बसवणारा माझा प्रोग्राम, मूळ फाइलमध्ये ज्या इंटरफेसखाली 'शटडाउन' लिहिलेलं नाही, त्या प्रत्येकाखाली 'नो शटडाउन' घालतो. आणि एसएसएचची आरएसए की कॉन्फिगच्या मजकुरात नसते. ती नव्या राऊटरवर नव्याने तयार करावी लागते, तोपर्यंत नेटमिकोला आत शिरायला दारच नसतं, कन्सोल केबलच लागते. टनेलची की मात्र तुमच्या प्रतीत आहे का, हे डोळ्यांनी वाचून खात्री करा.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं. आयर्विन पुलाची पातळी ४० फुटांची इशारा रेषा ओलांडणार असं दिसल्यावर मी मारुती चौकाच्या शाखेतला राऊटर उतरवून पिशवीत घातला, आदल्या रात्रीची प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि दोन्ही विश्रामबागच्या शाखेत नेऊन ठेवलं. सोबत निळी केबल.